हाताला न लागणारी अक्षरं

कागदातलं काही कळत नाही असा माणूस शोधायचा असेल, तर सरळ स्टेशनरीच्या दुकानात जावं; तो गल्ल्यावर बसलेला सापडतो. माझ्या बाबतीत तो घरातलाच होता. सुमनताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचं मानवतला झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं, आणि दिवसभर कागदाच्या गठ्ठ्यांना टेकून बसल्यामुळे कागदातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. गोठ्यात झोपणाऱ्याने आपल्यालाही दूध देता येतं म्हणावं, त्यातला तो प्रकार. आता माझे केस पांढरे झालेत, दाजींचे तर उरलेच नाहीत, पण त्या दसऱ्याचा विषय निघाला की आम्ही दोघं अजून भांडतो. सुमनताई म्हणते, मिटवा की आता. मिटवायला माझी कधीच ना नव्हती. चूक कोणाची होती एवढं एकदा दाजींनी कबूल करावं.

आमचं घर झरीत, परभणी-जिंतूर रस्त्याला अगदी लागून. पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि शाईचा रंगीत प्रिंटर होता. कॉलेज संपल्यावर मी घरीच लग्नपत्रिका, बायोडाटा, सत्काराची मानपत्रं असलं काय काय तयार करून द्यायची. गिऱ्हाईक एकजात एकाच वळणाचं. पत्रिकेत नवरा-नवरीपेक्षा चुलत्यांची नावं ठळक पाहिजेत, गणपती जरा हसरा पाहिजे, आणि सगळं झाल्यावर एखादा मामा राहिला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. वीज जायची तेव्हा अर्धी पत्रिका प्रिंटरच्या तोंडात अडकून राहायची आणि गिऱ्हाईक ती हाताने ओढायला धावायचं. माणसांबद्दल माझं मत जे काही बनलं आहे, ते त्या खोलीत बनलं. नंतरच्या आयुष्यात ते बदलावं असं फारसं काही घडलं नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. आमची सगळी भावकी मेंढरांमागे. अण्णा एकटेच त्या कळपातून उठले आणि थेट स्टिअरिंगवर जाऊन बसले. संध्याकाळी परभणीहून सुटणारी चारठाण्याची मुक्कामी गाडी त्यांच्याकडे असायची. रात्री गाडी चारठाण्याला थांबणार, सकाळी तिकडूनच परत. वाटेत झरी आली की आमच्या दारासमोर हॉर्न वाजायचा, एक लांब आणि एक तुटका. खिडकीच्या काचा थरथरायच्या, चुलीवरच्या तव्याचा वास आणि डिझेलचा वास एकमेकांत मिसळायचा, आणि माय फडक्यात बांधलेला डबा घेऊन ड्रायव्हरच्या खिडकीशी धावायची. ज्वारीच्या भाकरी, पिठलं किंवा येसर आमटी, शेंगदाण्याची चटणी, कधी अंबाडीची भाजी. अण्णांनी त्या डब्याला कधी चांगलं म्हटलेलं मी ऐकलं नाही. सकाळी रिकामा डबा देताना म्हणायचे, "कालच्या आमटीतलं मीठ काय जिंतूरला उतरलं व्हतं का?" माय म्हणायची, "तरी चाटून पुसून खाल्लाय." आमच्या घरात प्रेम याच भाषेत चालायचं आणि आम्हाला ते व्यवस्थित कळायचं.

मग अण्णांच्या डोळ्यांची तपासणी झाली. काचबिंदूने नजर बरीच खाल्ली होती, त्यांनी ते लपवलं होतं, आणि आता ते लपवता येण्यासारखं राहिलं नव्हतं. गाडी गेली. डेपोत सामान राखायचं काम देतो म्हणाले, त्यावर अण्णा घरी येऊन म्हणाले, "गोदाम राखायला मी काय कुत्रं हाय का?" आणि रजा टाकून बसले. दिवसा बरे असायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नावं ठेवायचे, मायला स्वयंपाक शिकवायचे. पण गाडीची वेळ झाली की उठून आतल्या खोलीत जायचे, घोंगडीवर भिंतीकडे तोंड करून पडायचे, आणि गाडी जाऊन बराच वेळ झाला तरी बाहेर यायचे नाहीत. गाडी आता कुणी तरणा पोरगा चालवायचा. तो हॉर्न देत नसे. त्याला द्यायचं कारण काय? माय पिठाचे हात तसेच धरून चुलीपुढे बसून राहायची. मला सरळ भीती वाटायची की एक दिवस अण्णा त्या खोलीत जातील आणि संध्याकाळच काय, सकाळ झाली तरी बाहेर येणार नाहीत.

दसरा जवळ आला तशी ती भीती वाढली. दरवर्षी दसऱ्याला अण्णा आपली गाडी स्वतः धुवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. मग झेंडूचे हार, आंब्याची पानं, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. त्या वर्षी त्यांनी जाहीर करून टाकलं, "औंदा आपल्याला दसरा न्हाई." माय पदर तोंडाला लावून मागच्या दारी गेली. मी ठरवलं, अण्णांची गाडी घरात आणायची. तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, वाकवला, आत लाकडी पाट बसवला, जत्रेतल्या खेळण्यातल्या ट्रकची चाकं लावली, ऑइलपेंटचे हात दिले. हातभर लांबीची लाल गाडी तयार झाली. आता तिच्यावर अक्षरं पाहिजे होती. बाजूवरची पिवळी अक्षरं, नंबर, आणि खिडक्यांखाली गाडीची पाटी: परभणी–चारठाणा, मार्गे झरी, जिंतूर. खऱ्या गाडीची पाटी पुढच्या काचेत असते हे मलाही माहीत होतं, पण ती बाजूवर मोठी यावी असं मला वाटत होतं. एवढी बारीक अक्षरं ब्रशने काढली असती तर गाडीचं खेळणं झालं असतं. ती छापायलाच हवी होती, आणि इथे दाजी आत शिरले.

"ह्याच्यात काय लागतंय कुंदे?" चहाची बशी हातात धरून दाजी म्हणाले. "स्टिकर पेपर घे, छाप, काप, चिटकव. माझ्या दुकानात गठ्ठा पडलाय."

"दाजी, स्टिकर लोणच्याच्या बरणीला लावतेत," मी म्हणाले. "बोट फिरवून बगा, कड लागते. खऱ्या गाडीवरची अक्षरं कधी हाताला लागतेत का?"

दाजींनी बशी खाली ठेवली. जावयाने चहा अर्धा टाकणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. सुमनताई स्वयंपाकघरात माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "तुला तोंड आवरंना का गं?" पण मी खोटं काय बोलले होते? स्टिकर जाड असतो, त्याच्या कडेला धूळ बसते, आणि तो लांबून ओरडून सांगतो की मी नंतर चिकटवलेला आहे. मला हवा होता तो पाण्यात सरकणारा कागद. त्याच्यावर डिंकाचा थर असतो आणि त्यावर पातळ पापुद्रा. छापायचं त्या पापुद्र्यावर. पाण्यात सोडलं की डिंक सुटतो आणि छापलेला पापुद्रा सरकवून पत्र्यावर बसवता येतो. वाळला की जणू रंगाचाच भाग. बोट फिरवलं तरी काही लागत नाही. हे मी दाजींना समजावून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांना गोंदाची बाटली कशी उघडतात ते सांगते आहे.

पुढच्या खेपेला दाजी आले ते प्लॅस्टिकच्या नळीत गुंडाळलेला कागद घेऊन. डोक्याला, शर्टाला मानवतच्या जिनिंगचा कापूस चिकटलेला, आणि चेहरा सासरी पहिल्यांदा आल्यासारखा. "हैदराबादहून मागिवलाय," ते म्हणाले. "तुझा तो सरकणारा. आन पारदर्शक! ह्याच्यापेक्षा भारी कागद न्हाई." मी विचारलं, लाल पत्र्यावर पारदर्शक कागद घेऊन करायचं काय? प्रिंटरची शाई पातळ असते, खालचा रंग झाकायची ताकद तिच्यात नसते, आणि पांढरी शाई तर प्रिंटरमध्ये नसतेच. पांढऱ्या कागदावर पिवळं छापलं तर पिवळं दिसतं. लालवर ठेवलं तर लालच दिसणार. दाजी म्हणाले, छापून तर बघ. छापलं, सरकवलं, आणि अक्षरं पत्र्यावर बसताक्षणी दिसेनाशी झाली.

"उन्हात दिसतील," दाजी म्हणाले. आम्ही पत्रा उन्हात नेला. "जरा तिरपं धर. डोळे बारीक करून बग."

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "काय दिसंना झालंय? तपासणीला पाठवा त्याला बी!"

खोलीतून ते सगळं ऐकत होते तर. त्या दिवशी मला पहिल्यांदा थोडी आशा वाटली.

माझा कागद मुंबईहून कुरिअरने परभणीला आला आणि मी तो जाऊन आणला. त्याचा पापुद्राच पांढरा. त्याला हुशारी वेगळी लागते: अक्षरं पिवळी ठेवायची आणि भोवतीचा लाल रंगही छापायचा, म्हणजे कापलेली पट्टी गाडीच्या लाल रंगात मिसळून जाते. सोपं वाटतं. प्रिंटरचा लाल आणि डब्यातला लाल हे एकमेकांचे सख्खे वैरी असतात. एक विटकरी यायचा, एक गुलाबी, एक थेट पिकल्या टोमॅटोचा. साध्या कागदावर तुकडे छापून गाडीला लावून बघायचे, कधी दिव्यात, कधी उन्हात. आजकाल पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात, त्यात एक माणूस हातमोजे घालून एका दमात छापतो आणि एका दमात लावतो, मागे संगीत वाजतं. त्याच्या टोपलीत फुकट गेलेले किती तुकडे आहेत ते कधी दाखवत नाहीत. शिवाय छापल्यावर वॉर्निशचे हात द्यायचे, नाहीतर शाई पाण्यात पसरते. शेजारच्यांनी ओसरीत वेचणीचा कापूस भरून ठेवला होता. जरा वारा सुटला की तंतू येऊन ओल्या वॉर्निशवर बसायचे. दारं-खिडक्या लावून घामाघूम होऊन मी ते काम केलं आणि सगळ्या गावाच्या कापसाला शिव्या दिल्या.

दाजींनी माझा कागद बोटात धरून पाहिला आणि नाक मुरडलं. मग त्यांना युक्ती सुचली: पत्र्यावर आधी पांढऱ्या रंगाचा पट्टा मारायचा आणि त्यावर त्यांच्या पारदर्शक कागदाची, काळ्या कडेची पिवळी अक्षरं. युक्ती चूक नव्हती, हे मला आजही म्हणवत नाही, पण लिहिते. भांडण मात्र पेटलं. सुमनताई रडवेली झाली, नवऱ्याने आणलेला कागद माहेरी फुकट गेला म्हणजे तिने तोंड कसं दाखवायचं? शेवटी माय भाकरी थापता थापता उठली आणि निकाल देऊन टाकला.

"एक बाजू जावयाची, एक बाजू पोरीची. दाराची बाजू मानाची, ती दाजींची. ड्रायव्हरची कुंदीची. आता कुणी तोंड उघडलं तर बगा."

अशी ती गाडी जगातली एकमेव गाडी असेल, जिच्या एका बाजूला जावयाचा मान चिकटवला होता. दाजींच्या बाजूला वॉर्निश द्यायला मी गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "परदेशी कागदाला वॉर्निश? सोन्याला पितळंचं पाणी द्यायलीस का?" कसाबसा एक पातळ हात त्यांनी मारू दिला. पाण्यातून सरकवण्यापुरता तो पुरला. मी त्यांना सांगितलं, पुन्हा सांगितलं, मग सोडून दिलं. शहाण्याला सांगता येतं, वेड्यालाही सांगता येतं, पण दुकानदाराला त्याच्याच मालाबद्दल काही सांगता येत नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाजी आणि सुमनताई मुक्कामाला आले. गाडी देवासमोर पाटावर ठेवली, वर रुमाल टाकला. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही. सकाळी मी जागी झाले ती बादलीच्या आवाजाने. अंगणात गेले तर अण्णा बाह्या सारून, धोतर खोचून, कपडे धुवायच्या दगडापाशी बसलेले. दगडावर माझी गाडी. हातात ओला फडका.

दाजी माझ्या मागून धावत आले. "अण्णा, पाणी नका लावू! कागद हाय त्येच्यावर!"

अण्णांनी मानही वर केली नाही. "गाडी हाय का कागद हाय, एक काय ते सांगा."

"गाडी हाय," मी म्हणाले.

"मंग गाडी न धुता पूजा करतेत का? अकला कुठं गहाण ठिवल्या तुमी?"

आणि त्यांनी तांब्याभर पाणी टपावरून ओतलं. मी त्यांना थांबवलं नाही. कित्येक आठवड्यांनी हा माणूस कामाला बसला होता, आधी टप, मग काचा, मग बाजू, त्याच क्रमाने, जसा डेपोत बसायचा. तो माणूस मला अक्षरांपेक्षा जास्त हवा होता. दाराची बाजू आली. फडका फिरला आणि दाजींची अक्षरं हलली, फुगली, आणि पिवळा-काळा ओघळ पांढऱ्या पट्ट्यावरून दगडावर उतरला. परभणी गेली, चारठाणा गेला. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी तो पोटभर बघितला. मला अतोनात आनंद झाला, आणि तो लपवण्याएवढी मी कधीच सभ्य नव्हते.

मग अण्णांनी गाडी फिरवली. माझी बाजू. फडका फिरला, पाणी निथळलं, आणि अक्षरं जशीच्या तशी उभी. एक रेघ हलली नाही. मी दाजींकडे पाहून भुवया उडवल्या.

अण्णांनी अंगठा गाडीच्या बाजूवरून फिरवला. पुढून मागे, मग मागून पुढे. गाडी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, तिरपी केली. पुन्हा अंगठा फिरवला.

"ह्या बाजूची बी गेली की."

"न्हाई अण्णा. हायत."

"हायत तर लागंनात कशी?"

"हाताला लागत न्हाईत, अण्णा. तेच तर..." मी म्हणाले. तेच तर माझं कसब होतं. त्याच्यासाठीच मी दाजींना सगळ्यांसमोर हसले होते. अण्णांना ती अक्षरं डोळ्यांनी दिसत नव्हती, हाताला मी लागू दिली नव्हती. आमच्या सगळ्या भांडणात, पांढरा कागद का पारदर्शक, वॉर्निश का बिनवॉर्निश, त्या गाडीकडे बघणार कोण आणि कशाने, हे आम्हा दोघा विद्वानांना सुचलं नव्हतं.

"मंग वाच," अण्णा म्हणाले.

मी दगडाजवळ बसले. पाटीवर बोट ठेवून वाचलं. "परभणी–चारठाणा. मार्गे झरी, जिंतूर."

"मार्गे काय?"

"मार्गे झरी."

अण्णांनी फडक्याने गाडीची चाकं पुसली, एकेक करून. मग घराकडे तोंड करून ओरडले, "आगं, झरी आली म्हणती पोरगी. डबा कुठंय?"

माय आतून आली ती रडत आणि बडबडत. "सकाळच्या पारी कसला डबा? गाडी सांजची आसती."

"मला ठाऊक हाय सांजची आसती. सांजचा करून ठिव."

त्या संध्याकाळी गाडीच्या वेळेला अण्णा आतल्या खोलीत गेले नाहीत. पुरणाच्या पोळ्या, येसर आमटी, भजी असा डबा मायने बांधला आणि अण्णा तो हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी त्यांच्या कोपराला धरून. गाडी थांबली, तेव्हा ते ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. वर बसलेला पोरगा गोंधळला.

"गिअर काय टाकायलास, वांगी चिरायलास का?" अण्णा म्हणाले. "आन झरीला गाडी थांबली की हॉर्न द्यायचा आसतो. शिकिवलं न्हाई का कुणी?"

"कशापायी, मामा?"

"डब्यापायी." आणि त्यांनी डबा वर दिला.

दुसऱ्या दिवशीपासून हॉर्न सुरू झाला. त्या पोराचा हॉर्न अण्णांच्या मते कधीच बराबर नव्हता, रिकामा डबा परत देताना तो मिठाबद्दल काही बोलायचा नाही हेही त्यांना आवडायचं नाही. पण वेळ झाली की ते ओट्यावर येऊन बसायचे, आणि गाडी मांडीवर असायची.

दाजी निघायच्या आधी अण्णांनी मला बोलावलं. "त्या रिकाम्या बाजूला अक्षरं लाव. हाताला लागतील अशी." सरकणारा कागद त्याला चालणार नव्हता, तो कितीही चढवला तरी पातळच. उपाय एकच होता, आणि तो मी नाही, दाजींनी केला. मानवतला जाऊन दुसऱ्या दिवशी परत आले आणि जाड स्टिकर पेपर माझ्या टेबलावर ठेवला. आयुष्यात ते एकदाच गप्प बसले, आणि नेमके तेव्हा. मी अक्षरं मोठी छापली, ब्लेडने एकेक कापली आणि चिकटवली. कडा उठून दिसत होत्या, त्यांत धूळ बसणार हे उघड होतं. इतकं भिकार काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. तेव्हापासून दाजी म्हणतात, शेवटी कागद माझाच उपयोगी पडला, आणि मी म्हणते, तुमचा हैदराबादी दगडावरून वाहून गेला ते सांगा की.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. गाडी माझ्याकडे कपाटावर असते. घरी येणाऱ्यांना मी ड्रायव्हरची बाजू दाखवते, आणि ते बोट फिरवून म्हणतात, वा, ही तर रंगवलेलीच वाटतात. दुसरी बाजू भिंतीकडे असते. धूळ पुसायला गाडी फिरवली की ती समोर येते. परभणी अजून ठसठशीत आहे, चारठाण्याच्या कडा तशाच धारदार, जिंतूरचंही काही बिघडलेलं नाही. त्यांच्या मधली झरी तेवढी अंगठ्याने झिजून पांढरी पडली आहे. तिथे बोट फिरवलं तर आता हाताला काहीच लागत नाही.